बाहीतला माणूस

कुणी विचारलं, "काय करता आपण?" की तो सांगायचा, "चावून घेतो." आणि समोरच्याचं तोंड कसं होतंय ते बघत उभा राहायचा.

गंमत झाली की मग खुलासा. शहराच्या कडेला, लाकडाच्या वखारींच्या मागे, राखणीची कुत्री तयार करणारं एक केंद्र होतं. वखारवाले, गोदामवाले, एकट्या राहणाऱ्या बायका आपापली कुत्री तिथे आणत. कुत्र्याला चोरावर धावून जायला शिकवायचं तर चोर लागतो. तो चोर म्हणजे हा. अंगात गादीसारखा जाड पोशाख, डाव्या हातावर खांद्यापर्यंत तरटाची बाही, उजव्या हातात चिरलेल्या बांबूची काठी. त्या अवतारात तो मैदानात आरडाओरडा करत पळायचा आणि मागून कुत्रं सुटायचं. लोक त्याला उशी म्हणत. "उशी, आज किती जणांनी डोकं टेकवलं?" असं वखारीतले हमाल विचारायचे. तो हसायचा. नावाचा राग त्याला कधीच आला नाही.

या कामात दोन गोष्टी कळाव्या लागतात आणि त्याला दोन्ही उत्तम कळत होत्या. पहिली म्हणजे हार कशी पत्करायची. कुत्र्याने बाही धरली की थोडी झटापट करायची, त्याला जिंकत आल्यासारखं वाटू द्यायचं आणि मग आतून हात अलगद काढून घ्यायचा. बाही कुत्र्याच्या जबड्यात राहते. ते ती घेऊन मैदानभर मिरवतं, शेपूट उंच. त्याच्या लेखी खेळ संपलेला असतो. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाकडे ते ढुंकूनही बघत नाही.

दुसरी गोष्ट, दात बाही चुकवून मांसात गेला तर काय करायचं.

"लाकूड व्हायचं," तो नव्या माणसांना सांगायचा. "ओरडायचं नाही, ओढायचं नाही. ओढलंस की ते आणखी आत धरतं. लाकडात त्याला गंमत नाही. पकड आपोआप ढिली पडते."

"मग हे काय?" त्याच्या दंडावरचे पांढरे वण दाखवून एखादा विचारायचा.

"हे मला अक्कल यायच्या आधीचं."

केंद्र मास्तरांचं होतं. आयुष्य कुत्र्यांशी बोलण्यात गेल्यामुळे मास्तर माणसांशीही एकेका शब्दातच बोलत. ये. बस. जेव. जा. त्यांची धाकटी मुलगी बाहेरगावी हेच काम शिकून परत आली आणि हळूहळू मैदान तिच्या हातात गेलं. सगळे तिला धाकटीच म्हणत. उंचीने बेताची, कंबरेपर्यंत वेणी, आवाज मात्र असा की मैदानाच्या टोकाला असलेलं कुत्रं जागच्या जागी बसायचं.

एका गोदामवाल्याच्या मस्तवाल कुत्र्याने बाही सोडून उशीचा खांदा धरला, तेव्हा ती धावत आली. "पुरे!" म्हणाली. कुत्र्याने जबडा उघडला. तिने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "शाबास."

तो शब्द कुत्र्यासाठी होता हे त्याला माहीत होतं. दिवसभर तो हा शब्द ऐकत असे. तरी त्या दिवशी, खांद्यातून रक्त वाहत असताना, त्याने तो स्वतःसाठी ठेवून घेतला. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना रक्ताने कडक झालेला जुना कापूस तिने कचऱ्यात टाकला. ती पाठमोरी होताच त्याने तो उचलून खिशात घातला.

त्यानंतर त्याला वरचेवर लागू लागलं. ज्या माणसाला अनेक वर्षांत ओरखडा उठला नव्हता, त्याची बाही ऐन वेळी खाली येऊ लागली. दात मांडीत जाई, दंडात जाई, आणि ती धावत येई. मास्तर खुर्चीतून बघत होते.

"मुद्दाम देतोस," एकदा ते म्हणाले.

"काय मास्तर?"

"खांदा."

धाकटीनेही ते ऐकलं आणि ती हसली. आपल्यासाठी कुणी रक्त सांडतंय हे त्या वयात कुणालाही आवडलं असतं. त्यांनी लग्न केलं आणि खाद्याच्या कोठारावरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं.

पहिला मार खाल्ला एका वखारवाल्याने. त्याचा अपराध एवढाच की पैलवानासारखं आपलं कुत्रं तिच्यासमोर लोळण घेतंय हे बघून तो म्हणाला, "तुमच्या हातात जादू आहे हो." उशीने चिरलेल्या बांबूची काठी उलटी धरली आणि जाड टोकाने त्याच्या जबड्यावर मारली. एकदा नाही. माणूस खाली पडल्यावरही मारली. कुत्रं बिथरलं, सोडवताना लागलं, असं सगळ्यांनी मिळून सांगितलं. धाकटीनेही तेच सांगितलं. ती नंतर म्हणायची की माझी चूक मोजायची तर तिथून मोजा.

मग तो तिचा फोन बघू लागला. मग ती अंघोळीला गेली की दाराबाहेर उभा राहू लागला. एका सकाळी तिने कुत्र्याला "शाबास राजा" म्हटलं म्हणून त्याने तिच्या थोबाडीत दिली.

"कुत्र्याला म्हणाले मी!"

"एवढ्या गोड आवाजात?"

ती रडली नाही. तिने त्याचे कपडे पिशवीत भरले, पिशवी खाली आणली आणि जाळीच्या आवारात कुत्र्यांना पाणी देत म्हणाली, "तू तुझ्या ताईकडे जा. आता पुरे झालं."

त्याने आवाराचं दार आतून लावलं. आवारात गुंडी होती. गुंडी ही धाकटीची स्वतःची कुत्री, करड्या रंगाची, रुंद छातीची. लहानपणी कोटाची गुंडी गिळून सगळ्यांचा जीव टांगणीला लावला म्हणून ते नाव. गुंडीच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याने खुंटीवरची बाही काढली, तिच्यापुढे धरली. गुंडीने झेप घेऊन ती पकडली. त्याने दोन हिसके दिले, सवयीप्रमाणे हात काढून घेतला आणि गुंडी बाही घेऊन आवारात गोल फिरू लागली, शेपूट उंच.

मग त्याने खाद्याची लोखंडी बादली उचलली. पहिल्या फटक्यात धाकटीच्या गालाचं हाड मोडलं, दुसऱ्यात दाढ निखळली. ती पालथी पडली तेव्हा तो पाठीवर मारत राहिला. रक्त डोळ्यांत उतरलेलं असताना तिला दिसत होतं ते एवढंच: गुंडी बाही तोंडात धरून समोर येऊन बसली होती आणि कुणीतरी शाबास म्हणेल म्हणून वाट बघत होती. हमालांनी जाळी कापून तिला बाहेर काढलं.

तो तुरुंगात गेला, शिक्षा भोगून सुटला. केंद्राच्या आसपास फिरकायचं नाही, असं कोर्टाने बजावलं होतं. कायद्याने धाकटी आता त्याची कुणी नव्हती. तो मात्र 'बायको' याखेरीज दुसरा शब्द वापरत नसे.

ताईकडे राहिला. ताई थोरली, विधवा. एका खोलीत तिचं शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे, त्यांच्या मधल्या फटीत त्याची गादी. ती पडदे शिवायची, ताडपत्र्या शिवायची, आणि केंद्रातल्या फाटक्या बाह्याही तिच्याकडेच दुरुस्तीला यायच्या. भावाने एवढं करूनही धाकटीने ते काम तिच्याकडून काढून घेतलं नव्हतं. ताईला त्याची लाज वाटायची, आणि कामाची गरजही होती.

"गुंडीसुद्धा मध्ये पडली नाही," तो जेवताना म्हणायचा. "जनावराला कळतं गं ताई. घरातलं भांडण आहे, उद्या मिटेल."

"जेव गुपचूप."

"तिने एकदा भेटून बोलायला पाहिजे."

"बादलीशी बोलून झालंय तिचं."

तो ताट सरकवून उठायचा.

केंद्रासमोर, रस्त्यापलीकडे, अर्धवट बांधून सोडलेली एक इमारत होती. वरच्या मजल्यावरून मैदान अख्खं दिसायचं. तो रोज तिथे जाऊन बसू लागला. धाकटीचा गाल एका बाजूने किंचित बसका झाला होता, एवढ्या लांबून ते दिसत नव्हतं. दिसत होता तो नवा माणूस. काटकुळा, लांब हातापायांचा. अंगात उशीचाच पोशाख. त्या पोशाखाला आपल्या अंगाचा आकार आलेला आहे, आपल्या घामाचा वास आहे, आणि हा त्यात शिरून आपल्या बायकोच्या समोर पळतोय, हे बघताना त्याने हातातल्या विटेचा कोपरा दाबून दाबून भुगा केला.

सकाळी मैदानात नेहमीचं काम चाले. दुपारी मात्र धाकटी व्हॅन काढायची. मागे गुंडी चढायची, पुढे तिच्या शेजारी तो काटकुळा बसायचा. पोशाख नाही, बाही नाही. साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही इस्त्रीचा. संध्याकाळी दोघं परत यायची. कधी तो उतरताना हसत असायचा, कधी दमलेला असायचा. तो दमला की ती त्याला पाणी द्यायची.

दुपारी एक बाई आणि एक माणूस व्हॅनमधून कुठे जातात, याचं त्याच्या डोक्यात एकच उत्तर होतं. दुसरं शोधायची त्याला गरजच वाटली नाही.

बसथांब्यामागच्या भिंतीशी त्याने काटकुळ्याला गाठलं. हातात नळाचा पाइप होता.

"दुपारी कुठे नेते तुला?"

"कामाला, दादा."

पाइप गुडघ्यावर बसला. "कसलं काम?"

"कामाला जातो."

त्याने त्याला खाली पाडलं, हात कट्ट्यावर दाबून धरला आणि बोटांवर पाइप मारला. "शर्टाला इस्त्री करून कसलं काम रे? सांग!"

काटकुळ्याने दात आवळले. ना ओरडला, ना हात ओढला. मारताना उशीला क्षणभर वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. पण तो थांबला नाही. चार माणसं धावत येताना दिसली तेव्हाच पळाला.

सकाळी ताईने त्याच्या शर्टावरच्या डागांकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं.

"कुणाचं रक्त आहे?"

"तिच्या याराचं."

"तिला कुणी यार नाही. असला तरी तुझा काय संबंध?"

"माझं प्रेम आहे तिच्यावर."

"तू लहानपणी पायावरची खपली काढायचास, आठवतं? आई हात बांधून ठेवायची तरी दाताने काढायचास. हे प्रेम नाही रे राजा, ही खोड आहे."

गठ्ठ्यावर दुरुस्त केलेली एक बाही पडली होती. त्याने ती उचलली. मशीनवरची कात्री, तरट कापायची, लांब पात्याची, ती कमरेला खोचली.

ताई दारात आडवी झाली. "ती बाही त्यांची आहे. मी पोचवणार आहे."

"मी पोचवतो."

"कात्री ठेव आधी. ठेव म्हणते ना!"

त्याने तिला ढकललं. मशीनच्या लोखंडी पायावर तिचं कपाळ आपटलं. तो जिना उतरत असताना, एका हाताने कपाळ दाबून, ती दुसऱ्या हाताने फोन शोधत होती.

तो पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. ताईचा फोन आल्याबरोबर धाकटीने एका हमालाला पोलीस चौकीवर पाठवलं होतं. मास्तरांना आत या म्हणाली तर ते म्हणाले, "नाही." खुर्ची फाटकात, काठी मांडीवर.

"मास्तर, बाही आणलीय. दुरुस्त करून."

"ठेव. जा."

"तिच्या हातात देतो."

मास्तरांनी काठी आडवी धरली. त्याने ती हिसकावून त्यांच्या गुडघ्यावर घातली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि मास्तर खुर्चीसकट कोसळले. "माफ करा मास्तर," तो म्हणाला आणि त्यांना ओलांडून आत गेला.

धाकटी शेडमध्ये उभी होती. पुढ्यात कुत्र्यांच्या खाण्याचं पातेलं, हात कोपरापर्यंत माखलेले. कोपऱ्यात गुंडी.

"माझा फोन का घेत नाहीस?"

"तुझा आवाज ऐकायचा नाही म्हणून."

"बोटं मोडली तरी तो तोंड उघडत नव्हता. एवढं काय शिकवलंस त्याला?"

"लाकूड व्हायला."

त्याने पातेल्याला लाथ मारली. गुंडी उठली, मान खाली, ओठ मागे. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. डोळे धाकटीवर ठेवूनच त्याने बाही गुंडीसमोर हलवली आणि तिच्या पायांपाशी टाकली. घे, मिरव. पुढच्या पावलाला त्याने धाकटीची वेणी धरली, डाव्या मनगटाला वेढे दिले आणि उजव्या हाताने कात्री काढून तिच्या गळ्याला लावली. टोकाखाली कातडी फाटली.

"म्हण, परत येते. म्हण!"

गुंडीने बाहीकडे पाहिलं. मग बाही ओलांडून ती थेट त्याच्या उजव्या हातावर आली.

दुपारची व्हॅन रोज एका बंद पडलेल्या बर्फ कारखान्यात जात असे. तिथे काटकुळा शर्टाच्या आत पातळ चामड्याची बाही बांधून उभा राही आणि धाकटी गुंडीसमोर तरटाची बाही टाकी. गुंडीने ती उचलली तर कुणी काही बोलत नसे. ना टाळी, ना शाबास. सगळे पाठ फिरवून उभे राहत. ती सोडून माणसाला धरलं तर मात्र सगळं मिळे. जाळीच्या आवारात आपलं काही चुकलं हे गुंडीला कळलंच नव्हतं. धाकटीला कळलं होतं, म्हणून तिने दुपारमागून दुपार हेच केलं. ही शिकवण उशीला ठाऊक नव्हती असं नाही. धंद्यातली जुनी गोष्ट आहे. व्हॅनकडे बघताना ती त्याला सुचली नाही, इतकंच.

आता हातावर तरट नव्हतं. दात हाडापर्यंत गेले. कात्री खणकन खाली पडली. त्याने हात ओढला, आणि गुंडीने पकड बदलून मनगटाच्या वर, आणखी खोल धरलं. डाव्या हातातली वेणी त्याने सोडली नाही.

"लाकूड हो!" धाकटी ओरडली. तिचं डोकं त्याच्या हिसक्याबरोबर मागे जात होतं. "केस सोड आणि लाकूड हो, मी तिला थांबवते!"

"आधी म्हण येते!"

"केस सोड!"

"म्हण!"

खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. ती बोलली नाही. तो ओढत राहिला, गुंडी मान झटकत राहिली, दर झटक्याला मांस सुटत गेलं. फरशीवर सांडलेलं खाणं लाल झालं. त्याला दुखत होतं की नाही कोण जाणे. तो फक्त वेणी ओढत होता आणि "म्हण, म्हण" करत होता. धाकटीने पायाने कात्री जवळ ओढली, वाकली, हाताला लागताच पाती डोक्यामागे नेली आणि वेणी मुळाशी कापली. तरट कापणारी कात्री. दोन दाबांत काम झालं.

ती मोकळी झाली आणि बाजूला सरली. तेव्हाही तो थांबू शकत होता. तो गुडघ्यांवर, गुंडीला फरफटत, तिच्याकडे येत राहिला. डाव्या हाताला वेणी तशीच गुंडाळलेली होती आणि तोच हात त्याने तिच्या पायांकडे लांब केला. गुंडीने उजवं कोपर धरलं. काहीतरी तुटल्याचा आवाज झाला.

मग तो आडवा झाला आणि हलेनासा झाला.

"पुरे," धाकटी म्हणाली. गुंडीने जबडा उघडला. धाकटीने तिच्या मानेवर हात ठेवला. "शाबास."

मग तिने खुंटीवरचा पट्टा काढून त्याच्या दंडाला करकचून आवळला, कारण नाहीतर तो तिथेच मेला असता, आणि उठून मास्तरांकडे धावली.

दंडापासून खालचा हात काढावा लागला. इस्पितळात जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने आधी लिहायचं ते लिहिलं, मग न राहवून विचारलं, "एक सांगा. हलायचं नाही हे तुम्हीच सगळ्यांना शिकवायचात म्हणे. मग केस सोडून गप का नाही राहिलात?"

"सोडले असते तर ती गेली असती."

"गेलीच की."



ताई भेटीच्या वेळेला आली. कपाळावर टाके, हातात कपड्यांची पिशवी. तिने पिशवी पायथ्याशी ठेवली.

"शेवटी ती शाबास म्हणाली," तो म्हणाला. "ऐकलं मी."

"कुत्रीला म्हणाली रे ती."

"तिथे मी पण होतो."

ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवीतले शर्ट काढून उशाशी ठेवले. तिची कात्री पोलिसांकडे जमा होती, म्हणून शेजारणीची मागून आणून काम केलं होतं. प्रत्येक शर्टाची उजवी बाही तिने कोपराच्या वर कापून, कड आत दुमडून, शिवून बंद केली होती. टाके बारीक होते आणि दुहेरी, ती तरटाला घालायची तसेच.